कोणतं सर्च इंजिन तुमच्या साईटवर किती माणसं आणतं? आकडे ताडून पाहायची पद्धत

पुण्यात छोट्या व्यवसायाची साईट सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच: सगळे जर गूगलच वापरतात, तर बिंग, याहू, डकडकगो यांच्याकडे बघायचं तरी कशाला? "बघू नका" हेही उत्तर असू शकतं. पण ते जगाचा तक्ता पाहून देता येत नाही, तुमच्या साईटचे आकडे त्या तक्त्याशेजारी ठेवूनच देता येतं. जगात कोण किती लोकप्रिय आहे ही एक गोष्ट, आणि तुमच्या दारात कोण किती माणसं आणून सोडतं ही दुसरी. या दोन आकड्यांमधली तफावत हीच खरी कामाची माहिती आहे. ती कशी काढायची आणि कशी वाचायची, ते अगदी सुरुवातीपासून सांगतो. लागणारी सगळी साधनं फुकट आहेत.

पायरी १: लोकप्रियतेचा आकडा नेमकं काय मोजतो, ते आधी पाहा

सर्च इंजिनांचा बाजारातला वाटा म्हणून जे आकडे बातम्यांत येतात, ते बहुतेक वेळा स्टॅटकाउंटर ग्लोबल स्टॅट्स या संस्थळावरून घेतलेले असतात. स्टॅटकाउंटरचा कोड जगभरातल्या लाखो साईटांवर बसवलेला आहे. एखादं पान उघडलं गेलं आणि तो वाचक सर्च इंजिनवरून आलेला असेल, तर ते त्या इंजिनच्या खात्यात जमा होतं. म्हणजे इथे किती लोकांनी शोधलं हे मोजलेलं नाही, शोधून झाल्यावर किती पानं उघडली गेली हे मोजलेलं आहे. ज्याने "पुणे हवामान" शोधलं, वरच उत्तर वाचलं आणि फोन खिशात टाकला, तो या मोजणीत कुठेच नाही.

कॉमस्कोरची पद्धत वेगळी होती. अमेरिकेतल्या निवडक लोकांच्या वापरावरून किती शोध घेतले गेले, याचा अंदाज ते काढत असत. सिमिलरवेब एखाद्या साईटला किती भेटी मिळाल्या याचा अंदाज देतं. क्लाउडफ्लेअर रडार स्वतःच्या नेटवर्कमधून जाणाऱ्या विनंत्यांवरून सर्च इंजिनांचा वाटा काढतं, आणि तिथे देश निवडता येतो. चौघांचे आकडे जुळणार नाहीत, जुळायला पाहिजेत असंही नाही. दक्षिण कोरियाचंच बघा: २०२३ मध्ये स्टॅटकाउंटरवर तिथे गूगल पुढे होतं, तर त्याच देशातल्या इंटरनेटट्रेंडच्या मोजणीत नेव्हर हे तिथलंच सर्च इंजिन पहिलं होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं, दोघांनी ज्या साईटांवर उभं राहून मोजलं त्या वेगळ्या होत्या.

आपल्या कामाला स्टॅटकाउंटर सोयीचा. कारण सरळ आहे: त्यांचा आकडा आणि तुमच्या साईटवरचा आकडा एकाच जातीचे आहेत, दोन्ही इंजिनने पाठवलेल्या रहदारीचे. तिथे "सर्च इंजिन" निवडा, देश भारत करा आणि मग डेस्कटॉप व मोबाइल यांचे तक्ते वेगवेगळे उतरवून घ्या. ही फोड केल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतात गूगलचा एकूण वाटा गेली अनेक वर्षं ९५ टक्क्यांच्या वर आहे. पण या एकत्रित आकड्यावर मोबाइलचं वजन फार मोठं आहे. फक्त डेस्कटॉप पाहिलं की बिंगचा वाटा लगेच वाढलेला दिसतो. जगभराच्या तक्त्यातही २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत गूगल २०१५ नंतर पहिल्यांदाच ९० टक्क्यांखाली आलं. "गूगल म्हणजे सगळं" हे वाक्य बरोबरच्या फार जवळ आहे, पण ते सगळीकडे सारखंच बरोबर नाही.

पुण्याचा वेगळा आकडा या तक्त्यात मिळत नाही. तो तुम्हालाच तुमच्या साईटवरून काढायचा आहे.

पायरी २: तुमचा ग्राहक कुठे बसून शोधतो?

सर्च इंजिन लोक मुद्दाम निवडतात असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते निवडलेलं नसतं, समोर आलेलं असतं. अँड्रॉइड फोनवर आणि क्रोममध्ये गूगल आधीपासून असतं, आयफोनच्या सफारीतही गूगलच असतं. या आधीपासून असण्याची किंमत किती, तर २०२१ या एका वर्षात गूगलने त्यासाठी २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यातही फोनवर आधीपासून बसवलेल्या ॲप्सचा आणि सर्चचा मुद्दा होता. विंडोजवर याच्या उलट चित्र आहे. एज ब्राउझर आधीपासून असतो आणि त्यात बिंग. खालच्या पट्टीवरच्या शोधपेटीत काही टाकलं तरी वेबवरचे निकाल बिंगमध्येच उघडतात.

आता हे पुण्यावर ठेवून पाहा.

हिंजवडी-वाकड भागात घरगुती डबे पोचवणारी साईट घ्या. तिचा गिऱ्हाईक सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कंपनीच्या लॅपटॉपवर असतो. अनेक कंपन्यांत त्या लॅपटॉपवर स्वतःच्या मनाने ब्राउझर बदलता येत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी तो एजमध्ये "डबा" टाकतो आणि आपण बिंग वापरलं हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या कार्यालयांचंही असंच.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानाची साईट घ्या. तिथे येणारा एमपीएससीचा विद्यार्थी अभ्यासिकेत बसून फोनवर शोधतो. त्याच्यापुरतं गूगल म्हणजेच सगळं, हे जवळजवळ शब्दशः खरं.

आणि भोसरी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवून निर्यात करणारा कारखाना. त्याने भारताचा तक्ता पाहण्यात अर्थच नाही. त्याचा खरेदीदार ज्या देशात आहे तिथला तक्ता पाहायला हवा. रशियात यांडेक्स गूगलच्या पुढे आहे, चीनमध्ये बायडूचं वजन आहे, जर्मनीत बर्लिनचं इकोशियाही यादीत दिसतं. भोसरीतल्या साईटची तुलना भारताच्या सरासरीशी केली, तर आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकीचाच निघेल.

म्हणून आधी कागदावर एक ओळ लिहून ठेवा: माझा ग्राहक कोणत्या देशात, कोणत्या यंत्रावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी शोधतो. पुढचे सगळे गाळण्या-निवडीचे पर्याय याच ओळीवरून लावायचे आहेत.

पायरी ३: तीन साधनं जोडून घ्या

पहिलं, गूगल ॲनालिटिक्स ४: साईटवर किती जण आणि कुठून आले हे मोजणारं गूगलचं साधन. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ ला थांबलं, त्यामुळे त्याची चित्रं दाखवणारे जुने व्हिडिओ पाहून गोंधळू नका. कोड बसवल्याच्या दिवसापासूनच नोंद सुरू होते, मागचं काही मिळत नाही, म्हणून हे आजच करा. खातं उघडल्यावर ॲडमिनमध्ये जाऊन दोन गोष्टी बदला. टाइम झोन भारताचा करा, आणि डेटा रिटेन्शन २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. नेहमीच्या रिपोर्टांना या दुसऱ्या बदलाने फरक पडत नाही, पण एक्सप्लोरेशन्स या भागात तुम्ही स्वतः तक्ते मांडायला लागलात की दोन महिन्यांपलीकडचं दिसत नाही.

दुसरं, गूगल सर्च कन्सोल. हे फक्त गूगलचं सांगतं, पण तुमच्या साईटवर माणूस येण्याआधीचं सांगतं: किती वेळा तुम्ही निकालात दिसलात, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतात. इथे १६ महिन्यांची नोंद राहते. त्यामुळे यंदाचा जून गेल्या जूनशी ताडून पाहता येतो, आणि शाळा-कॉलेज सुरू होण्यावर ज्यांचा धंदा अवलंबून आहे त्यांना हीच तुलना उपयोगाची. जूनची तुलना एप्रिलशी करून "ट्रॅफिक वाढलं" म्हणण्यात काही हाशील नाही.

तिसरं, बिंग वेबमास्टर टूल्स. नवखी मंडळी हे हटकून सोडून देतात. खरं तर सर्च कन्सोलमध्ये साईट जोडलेली असली की तिथूनच ती आयात करता येते, वेगळा पडताळा करावा लागत नाही. बिंगकडे लक्ष ठेवायचं कारण फक्त बिंग नाही. २००९ च्या करारानंतर याहूचे निकाल बिंगकडून येऊ लागले, आणि डकडकगोही निकालांसाठी मोठ्या प्रमाणात बिंगवर अवलंबून आहे. तुमचं पान बिंगच्या यादीत नसेल, तर या बाकीच्या दारांतूनही फारसं कोणी येणार नाही.

इथेच एक खाचखळगा सांगून ठेवतो. सर्च कन्सोलमधला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने मोजला जातो. आपल्या घड्याळात तो दिवस तिथल्या उन्हाळी वेळेत दुपारी साडेबाराला आणि हिवाळी वेळेत दीडला बदलतो. म्हणजे मंगळवारी सकाळी अकराला पुण्यात झालेलं क्लिक तिथे सोमवारच्या खात्यात जातं. ॲनालिटिक्स मात्र तुम्ही लावलेल्या भारतीय वेळेने चालतं. दोन्हीतला एकेक दिवस समोरासमोर ठेवलात तर आकडे कधीच जुळणार नाहीत. महिना महिन्याशी ताडा, निदान पूर्ण आठवडा तरी घ्या.

क्लिक आणि सेशन (म्हणजे साईटला दिलेली एक सलग भेट) हेही एक नव्हे. एकाच माणसाने अर्ध्या तासात दोन वेगवेगळे शोध घेऊन तुमच्या साईटवर दोनदा क्लिक केलं तर सर्च कन्सोलमध्ये दोन क्लिक, ॲनालिटिक्समध्ये बहुधा एकच सेशन. म्हणून गूगलचा आकडा एका साधनातून आणि बिंगचा दुसऱ्यातून उचलून तुलना करू नका. वाटा काढायचा तो सगळ्या इंजिनांचा एकाच साधनातून, म्हणजे ॲनालिटिक्समधून. बाकीची दोन साधनं कारण शोधायला.

पायरी ४: आकडे स्वच्छ करा

ॲनालिटिक्समध्ये ॲक्विझिशन, मग ट्रॅफिक ॲक्विझिशन उघडा आणि पहिला स्तंभ "सेशन सोर्स / मीडियम" असा करा. गूगल / ऑरगॅनिक, बिंग / ऑरगॅनिक, याहू / ऑरगॅनिक, डकडकगो / ऑरगॅनिक अशा ओळी दिसतील. ऑरगॅनिक म्हणजे जाहिरातीतून नव्हे, शोधाच्या निकालांतून आलेली भेट. हे आकडे जसेच्या तसे उचलायचा मोह होतो. थांबा, आधी पुढच्या गोष्टी तपासा.

"डायरेक्ट" या ओळीत फक्त पत्ता टाकून आलेली माणसं नसतात. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेली लिंक उघडली की बहुतेक वेळा ती कुठून आली याची खूण राहत नाही, आणि ती भेट डायरेक्टमध्ये जाते. आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिंक टाकली की दिवसभर ती फिरते. त्या दिवशी डायरेक्ट फुगलेलं दिसेल, त्याचा सर्चशी संबंध जोडू नका.

रेफरलच्या (दुसऱ्या साईटवरच्या किंवा ॲपमधल्या लिंकवरून आलेल्या भेटींच्या) ओळींत शेवटी "क्विकसर्चबॉक्स" असलेलं एक लांबलचक नाव दिसतं. तो अँड्रॉइडवरच्या गूगल ॲपमधून आलेला वाचक. त्यातले बरेचसे डिस्कव्हरमधून, म्हणजे काही न शोधता समोर आलेली बातमी उघडून आलेले असतात. ही ओळ सर्चमध्ये मिसळू नका, वेगळी ठेवा. सर्च कन्सोलमध्ये डिस्कव्हरचा रिपोर्ट वेगळा असतो, तिथे पडताळता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या जाहिराती चालवत असाल तर त्या लिंकला यूटीएम खुणा (भेट कुठून आली ते सांगणारे, लिंकच्या शेवटी जोडलेले शब्द) लावल्यात का ते बघा. नसतील लावल्या, तर पैसे देऊन आणलेली माणसं बिंग / ऑरगॅनिकमध्ये मोजली जातात आणि तुम्हाला वाटतं बिंग फुकटात एवढं देतंय. गूगलच्या जाहिराती आपल्याच ॲनालिटिक्सशी जोडता येतात, त्यामुळे तिथे ही अडचण सहसा येत नाही.

दुकान असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइलमधल्या साईटच्या लिंकलाही यूटीएम लावा: सोर्स गूगल, मीडियम ऑरगॅनिक, आणि कॅम्पेनला "नकाशा" असं काही ओळखू येईल असं नाव. नकाशावरून आलेला आणि निकालांच्या यादीतून आलेला असे दोन्ही गूगलचेच, पण त्यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नकाशावरचा पंधरा मिनिटांत दुकानात येणारा असतो.

बॉटचं, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमचं काय? ॲनालिटिक्स ओळखीचे बॉट आपोआप वगळतं. पण तुम्ही होस्टिंगच्या सीपॅनेलमधून ॲक्सेस लॉग उघडून पाहत असाल, तर तिथे सगळं उघडं असतं, आणि ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. लॉगमधली एक ओळ म्हणजे एक विनंती. सुरुवातीला आयपी पत्ता, मग चौकटी कंसात तारीख-वेळ, मग कोणतं पान मागितलं, मग स्टेटस कोड (२०० म्हणजे पान मिळालं, ४०४ म्हणजे नव्हतं), मग बाइट्स, मग अवतरणचिन्हांत रेफरर म्हणजे वाचक कुठून आला, आणि शेवटी युजर एजंट म्हणजे कोणता ब्राउझर. "बिंग" हा शब्द या ओळीत दोन ठिकाणी सापडू शकतो आणि त्याचे अर्थ पूर्ण वेगळे. रेफररच्या जागी असेल तर बिंगने माणूस पाठवला. युजर एजंटच्या जागी "बिंगबॉट" असेल तर बिंगचा रोबो तुमचं पान वाचून गेला. नुसतं बिंग शोधून ओळी मोजल्यात तर रोबोंची गर्दी ग्राहक म्हणून मोजाल. काही जण खोटंच गूगलबॉटचं नाव लावूनही येतात. शंका आली तर त्या आयपीचं उलट डीएनएस (आयपीवरून त्यामागचं डोमेन नाव) पाहा: खऱ्या गूगलबॉटचा पत्ता गूगलच्या डोमेनवर संपतो, खऱ्या बिंगबॉटचा एमएसएनच्या सर्च डोमेनवर.

माणसाने काय शब्द टाकून शोधलं, हे लॉगमध्ये शोधू नका. गूगलने २०११ पासून शोध एन्क्रिप्ट करायला घेतले, आणि आता ब्राउझर तसेही फक्त कुठल्या साईटवरून आला एवढंच पुढे देतात. शब्द पाहायची जागा सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स.

लॉग पाहण्याचा आणखी एक फायदा आहे. जो माणूस डकडकगो किंवा ब्रेव्ह वापरतो, तो बऱ्याचदा जाहिराती आणि मोजणीचे कोड अडवणारा ब्राउझरही वापरतो. तो साईटवर येतो, ऑर्डरही देतो, पण ॲनालिटिक्सला दिसत नाही. म्हणजे खाजगीपणा जपणाऱ्या इंजिनांचे आकडे ॲनालिटिक्समध्ये मुळातच कमी दिसणार. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र विनंतीची नोंद होतेच. ॲनालिटिक्समध्ये डकडकगोचे आठ आणि लॉगमधून रोबो वगळून वीस निघाले, तर आश्चर्य वाटायला नको. लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्ते असतात, तेव्हा ती फाइल कुणाच्याही ग्रुपवर टाकू नका.

पायरी ५: एकाच तक्त्यात मांडा

गूगल शीट्समध्ये साधा तक्ता करा. प्रत्येक इंजिनला एक ओळ. स्तंभ असे: डेस्कटॉपवर बाजारातला वाटा, डेस्कटॉपवर माझ्या साईटवरचा वाटा, दोन्हींचं गुणोत्तर. मग मोबाइलसाठी तेच तीन. "माझ्या साईटवरचा वाटा" काढताना भागायचं ते फक्त सर्चवरून आलेल्या सेशनच्या बेरजेने, साईटच्या एकूण ट्रॅफिकने नाही.

समजा, ज्या महिन्याचा तक्ता उतरवलात त्यात डेस्कटॉपवर बिंगचा वाटा ६ टक्के आहे. तुमच्या डब्याच्या साईटवर त्या महिन्यात डेस्कटॉपवरून सर्चमार्गे ४०० सेशन झाली, त्यातली ४८ बिंगची. म्हणजे १२ टक्के. गुणोत्तर २. बाजाराच्या सरासरीच्या दुप्पट.

पण आकडा लहान असेल तर निष्कर्षाची घाई नको. ४०० चे ६ टक्के म्हणजे २४ सेशन अपेक्षित. अपेक्षित आकड्याचं वर्गमूळ काढा, ते साधारण ५. त्याची दुप्पट १०. म्हणजे १४ ते ३४ या टप्प्यात काहीही आलं तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. ४८ या टप्प्याच्या बऱ्याच बाहेर आहे, म्हणून तिथे काहीतरी खरं आहे. १८ आले असते, तर "बिंगवर आपण मागे आहोत" असं म्हणता आलं नसतं. अशा वेळी तीन महिने एकत्र करून पुन्हा मोजा.

शहराप्रमाणे फोड करायची असेल तर करा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. शहर आयपीवरून ओळखलं जातं, आणि मोबाइल नेटवर्कवर असलेला कोथरूडचा माणूस मुंबईचा म्हणून दिसू शकतो. पुणे आणि मुंबई यांची बेरीज करून बघणं जास्त सुरक्षित.

पायरी ६: तफावत वाचा

गुणोत्तर एकपेक्षा खूप जास्त आलं, तर आनंद मानण्याआधी एक तपासणी करा. वाटा दोन कारणांनी वाढतो: बिंगवरून जास्त माणसं येत असतील, किंवा गूगलवरून कमी. टक्केवारीत दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून शेजारी मूळ आकडे ठेवा आणि सर्च कन्सोलमध्ये जाऊन गूगलवरचा सरासरी क्रमांक घसरलाय का ते पाहा. गूगल शाबूत असेल आणि बिंगची भर वरून पडत असेल, तर वेळ पाहा. सोमवार ते शुक्रवार, कार्यालयीन वेळेत, डेस्कटॉपवर येत असतील तर तो कंपन्यांमधला ग्राहक आहे, आणि त्याच्यासाठी साईटवर "ऑफिसमध्ये पोच, महिन्याचं बिल" असं पान करणं शहाणपणाचं.

गुणोत्तर एकपेक्षा बरंच कमी आलं तर क्रमाने बघा. आधी तुमची पानं बिंगच्या यादीत आहेत का? बिंग वेबमास्टर टूल्समध्ये यूआरएल तपासणीत पान टाकलं की कळतं. नसतील, तर रोबोट्स फाइलमध्ये (बॉटना कुठे येऊ द्यायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) किंवा सुरक्षेच्या प्लगइनमध्ये बिंगबॉट अडवला गेलाय का ते पाहा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, कारण बॉट रोखा असा पर्याय सरसकट चालू केला जातो. पानं यादीत असतील पण इंप्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) कमी असतील, तर क्रमांक मागे आहे. इंप्रेशन भरपूर आणि क्लिक कमी असतील, तर शीर्षक आणि खालच्या दोन ओळी लोकांना ओढत नाहीत. यातलं काहीच नसेल, तर मागणीच कमी आहे, आणि तिथे हात आखडता घेतलेला बरा.

संख्येइतकंच महत्त्वाचं म्हणजे आलेला माणूस पुढे काय करतो. फोनच्या बटणावर टॅप, ऑर्डरचा फॉर्म, दुकानाच्या पत्त्यावर क्लिक, यातलं जे तुमच्यासाठी मोलाचं ते ॲनालिटिक्समध्ये की इव्हेंट म्हणून नोंदवा आणि प्रत्येक इंजिनच्या ओळीत तो स्तंभ जोडा. हजार माणसं आणून पाच फोन देणारं इंजिन आणि पन्नास माणसं आणून पाच फोन देणारं इंजिन, या दोघांना मी तरी एकाच तराजूत तोलणार नाही.

देवनागरीतले शोध वेगळे काढा

इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही आणि आपल्याला तर याचीच गरज आहे. पुण्यातला माणूस तीच गोष्ट रोमन लिपीत शोधतो, देवनागरीत शोधतो, बोलूनही शोधतो. सर्च कन्सोलमध्ये क्वेरीच्या (लोकांनी टाकलेल्या शोधशब्दांच्या) फिल्टरमध्ये "कस्टम रेजेक्स" (अक्षरांचा नमुना देऊन गाळण्याची सोय) निवडा आणि पेटीत एवढंच टाका: [क-ह]. ज्या शोधात एक तरी देवनागरी व्यंजन आहे ते सगळे समोर येतात. हिंदी शोधही त्यात असतील. फक्त [ळ] टाकून पाहिलंत तर जवळपास निखळ मराठीच उरतं, कारण हिंदीत ते अक्षर सहसा येत नाही: शाळा, मिसळ, वेळापत्रक, बळवंत. अर्थात ज्या मराठी शोधात ळ नाही तो यातून निसटतो, तेव्हा हा किमान आकडा समजा.

बिंगसाठी क्वेरींची यादी उतरवून घ्या आणि शीट्समध्ये रेजेक्समॅच या फंक्शनला तेच [क-ह] द्या. दोन्हींकडचं देवनागरीचं प्रमाण शेजारी ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर मराठी टंकलेखन सहसा केलं जात नाही, तेव्हा बिंगकडे देवनागरी शोध कमी दिसले तर तो तुमच्या मराठी मजकुराचा दोष नाही.

फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खाजगीपणासाठी यादीत दाखवत नाही, आणि पडद्यावरच्या यादीत १,००० ओळीच मिळतात. "सदाशिव पेठ रात्रभर चालू अभ्यासिका" असे लांब, मराठी, मोजक्याच लोकांचे शोध या कात्रीत सगळ्यात आधी सापडतात. म्हणजे मराठीची मागणी यादीत दिसते त्यापेक्षा जास्तच असते. हा आकडा पाहून मराठी पानं बंद करायचा निर्णय कोणी घेऊ नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. शुद्धलेखनाच्या जोड्याही पाहा: अप्पा आणि आप्पा, हिंजवडी आणि हिंजेवाडी. गूगल बहुतेक वेळा दोन्ही एकत्र धरतं, तरी पानावर दोन्ही रूपं एकेकदा सहज आली तर बिघडत काही नाही.

एआयच्या उत्तरांसाठी वेगळी ओळ

गूगलची एआय ओव्हरव्ह्यूज भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आली. निकालांच्या वरच उत्तर मिळालं की खाली जाऊन क्लिक करायची गरज अनेकांना उरत नाही. तुमच्या तक्त्यात गूगलची इंप्रेशन तेवढीच आणि क्लिक कमी होत असतील, तर या शक्यतेचा विचार करा. सर्च कन्सोल ही क्लिक वेगळी काढून दाखवत नाही, ती एकूण आकड्यातच असतात. त्यामुळे अंदाज बांधायचा तर "कसं करायचं", "म्हणजे काय" अशा शोधांची आणि "जवळ", "भाव", "पत्ता" अशा शोधांची सीटीआर (दिसण्याच्या तुलनेत क्लिकचं प्रमाण) वेगवेगळी पाहा. पहिल्या गटात घसरण आणि दुसरा गट स्थिर, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

चॅटजीपीटीमध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून वेबवर शोध आला. तिथून येणाऱ्या लिंकवर बऱ्याचदा यूटीएम खूण असते, त्यामुळे ॲनालिटिक्समध्ये सोर्स म्हणून चॅटजीपीटीचं नाव दिसतं. परप्लेक्सिटी रेफरलमध्ये सापडतं. यांची एक वेगळी ओळ ठेवा. सर्चच्या बेरजेत त्यांना घातलंत तर बाजाराच्या तक्त्याशी तुलना बिघडते, कारण सर्च इंजिनांच्या त्या तक्त्यात त्यांची बेरीज धरलेली नसते.

वेळ कुठे घालवायचा

बहुतेक छोट्या साईटांसाठी माझं मत असं: गूगलवर नियमित काम, बिंगवर एकदाच नीट बसून केलेलं काम, बाकीच्यांकडे फक्त नजर. बिंगसाठी एकदाच करायची कामं तीन. साइटमॅप (साईटवरच्या पानांची यादी असलेली फाइल) वेबमास्टर टूल्समध्ये द्या. दुकान असेल तर बिंग प्लेसेसवर पत्ता आणि वेळ नोंदवा, गूगलवरची नोंद तिथे आयात करता येते. आणि इंडेक्सनाऊ चालू करा. मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्सने २०२१ मध्ये सुरू केलेली ही सोय आहे: पान बदललं की तुमची साईटच इंजिनला कळवते, रोबो येण्याची वाट पाहावी लागत नाही. वर्डप्रेससाठी याचं प्लगइन आहे. गूगल यात सहभागी नाही, तिथे साइटमॅपवरच भर.

भोसरीच्या निर्यातदाराला हा सल्ला लागू नाही. त्याने खरेदीदाराच्या देशाचा तक्ता घ्यावा, आणि रशियातून चौकशी येत असेल तर यांडेक्सच्या वेबमास्टर साधनात नाव नोंदवावं.

तक्ता तीन महिन्यांतून एकदा भरा. दर आठवड्याला भरलात तर योगायोगाच्या चढउतारांनाच कारणं शोधत बसाल. प्रत्येक वेळी बाजाराचा तक्ताही त्याच महिन्यांचा नव्याने उतरवून घ्या, जुना चालवू नका. आणि साईटवर मोठा बदल केला त्या दिवसाची तारीख त्याच शीटमध्ये एका कोपऱ्यात लिहून ठेवा: नवीन थीम, बदललेलं डोमेन, बसवलेलं सुरक्षा प्लगइन. तीन महिन्यांनी बिंगचा आकडा अचानक शून्यावर आला, तर सगळ्यात आधी तीच नोंद बघायची आहे.